"कोणता पाय?" हे पेशंटलाच विचारतात

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन या हॉस्पिटलात झालं. पाच दिवस होतो. आता ती वॉकर धरून देवघरापर्यंत जाते. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, हे इथल्या रिव्ह्यूंत आधी बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते खरं आहे. मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीचं, कारण आमचं घर त्यात एकदा पोळलंय.

२००९ साली बाबांना उजव्या बाजूचा हर्निया होता. दुसऱ्या एका हॉस्पिटलात डावी बाजू उघडली. केसपेपरवर कुणीतरी 'डावी' लिहिलं होतं आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात त्यांना विचारलं, "डाव्या बाजूचं ना, काका?" बाबा "हो" म्हणाले. का म्हणालात, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "अगं, डॉक्टरांना माहीत असणारच की." महिन्याभरानं त्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.

म्हणून इथे मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसले होते. रात्री सिस्टर आल्या, आईच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि विचारलं, "मावशी, कशाचं ऑपरेशन आहे? कोणत्या पायाचं?" मी पटकन "उजव्या" म्हणाले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू द्या." आईनं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. फाइलमधल्या एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र 'डावा' छापलेलं होतं! माझ्या पोटात गोळाच आला. सिस्टरांनी तिथंच काम थांबवून डॉक्टरांना फोन लावला. साडेनऊला डॉक्टर स्वतः आले, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली, आईचे दोन्ही गुडघे तपासले, रिपोर्ट बदलून घेतला. रिपोर्ट चुकला ही हॉस्पिटलचीच चूक, पण ती कागदावरच पकडली गेली.

आणखी एक. वॉर्डात पाटील आडनावाच्या तिघी होत्या. नाव आणि जन्मतारीख दोन्ही विचारायची इथे पद्धत आहे, पण आईच्या आधारवर १ जून आणि शेजारच्या पाटील मावशींचीही १ जूनच. त्या पिढीला शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लावलीय. सिस्टरांना हे ठाऊक होतं, त्या दर वेळी पट्टीवरचा नोंदणी नंबरही फाइलशी ताडून पाहत होत्या.

सकाळी डॉक्टरांनी आई जागी असतानाच जांभळ्या मार्करनं तिच्या मांडीवर बाण काढला. हिरवं कापड टाकल्यावरही दिसेल, असा वर. कमरेत भूल दिली असल्यानं आत काय झालं ते आईनंच सांगितलं: "सगळी गप उभी राहिली. एकानं माझं नाव घेतलं, पाय सांगितला, मग सुरू केलं."

हा थांबा जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये सुरक्षित ऑपरेशनसाठी काढलेल्या १९ मुद्द्यांच्या यादीतला आहे. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. त्या कामाचे प्रमुख सर्जन अतुल गावंडे, ज्यांचे वडील आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. हे छापून आलं जानेवारी २००९ मध्ये, बाबांचं चुकलं त्याच वर्षी. आणि अजूनही असं घडतंच. मे २०२४ मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चार वर्षांच्या मुलीचं सहावं बोट काढायचं होतं, ऑपरेशन झालं जिभेचं.

कँटीन ठीक, पार्किंगला जागा नाही. बिल आधी सांगितलं तेवढंच आलं.

एक तारा कमी देतेय तो संमतीपत्रासाठी. सहीला आलेला फॉर्म इंग्रजीत होता. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि ती पेन हातात घेऊन बसलीसुद्धा होती. मी मराठीतला मागितल्यावर काउंटरच्या खालच्या कपाटातून काढून दिला. त्यावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत छापलंय, 'बाजू: उजवी / डावी'. आईनं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि मगच सही केली. हा फॉर्म कपाटात नको, काउंटरवर ठेवा.