डोंगरवाटांसाठी ऑफलाइन नकाशे: कोणते ॲप घ्यावे?

नाशिकहून त्र्यंबक, इगतपुरी किंवा बागलाणच्या डोंगरांकडे निघालेल्याला पायथ्याच्या गावापर्यंत गूगल मॅप्स पुरते. त्याचा नकाशा आधी उतरवून घेता येतो हे खरे. परंतु नेटवर्क गेल्यावर ते पायी जाण्याचा मार्ग आखून देत नाही, गाडीचा तेवढा देते, आणि डोंगराच्या सोंडेवर गाडीचा मार्ग घेऊन करायचे काय?

ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन्ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या २००४ पासून स्वयंसेवक रेखाटत असलेल्या नकाशावर चालतात, त्यामुळे त्यांत पायवाटा सापडतात. २०२१ मध्ये आलेले ऑर्गॅनिक मॅप्स विनामूल्य असून त्यात जाहिराती नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. माझ्या दृष्टीने त्याची खरी किंमत समोच्च रेषांत, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या आणि चढ उभा होईल तशा जवळ येणाऱ्या रेषांत आहे. निरगुडपाड्याकडून किंवा हर्षेवाडीकडून हरिहर गडाकडे निघताना वाट किती अंतर सौम्य चढते आणि कड्याशी रेषा कशा एकमेकींना भिडतात, हे घरी बसून वाचता येते.

ऑसमअँडची मांडणी किचकट आहे. पर्याय इतके की नवखा माणूस त्यांतच वाट चुकेल. अँड्रॉइडवर मोफत आवृत्तीत सातच नकाशे उतरवता येतात, आणि समोच्च रेषांसाठी पैसे मोजावे लागतात. तरीही कोणाची जीपीएक्स फाइल (चाललेल्या वाटेची नोंद) नकाशावर ठेवून चालायचे असेल, किंवा १५६७ मीटर उंचीच्या साल्हेर किल्ल्यावर आपलाच मार्ग नोंदवत जाऊन त्यावरूनच परतायचे असेल, तर हा खर्च मला पटतो.

दोघांचा दोष एकच: कोणी रेखाटली नसेल ती वाट दिसत नाही आणि ढोरवाटही हमरस्त्याच्या ऐटीत दिसते. पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात तर गावातल्या माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, म्हणून फ्लाइट मोड ठेवून बॅटरी वाचवता येते. अरुंद घळीत मात्र स्थान दर्शवणारा ठिपका भलतीकडे उडी मारतो.

बहुतेकांनी ऑर्गॅनिक मॅप्स घ्यावे, नोंदी ठेवणाऱ्यांनी ऑसमअँड. दोन्हींची परीक्षा मोठ्या गडावर न घेता, फ्लाइट मोड लावून पांडवलेणीच्या डोंगरावर घ्यावी.