आधी ‘द अनटेम्ड’ बघावी की ‘वर्ड ऑफ ऑनर’?

चिनी फँटसी मालिका बघायची आहे, त्यात दोन पुरुषांची प्रेमकथा हवी आहे, पण सुरुवात कुठून करावी ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. कुणालाही विचारा, गाडी दोन नावांवर येऊन थांबते: ‘द अनटेम्ड’ (२०१९) आणि ‘वर्ड ऑफ ऑनर’ (२०२१). दोन्ही बघण्यासारख्या आहेत, फक्त एकदम सुरू करू नका. एकेका मालिकेतच एवढी घराणी, एवढे गुरू-शिष्य आणि एकेका माणसाची दोन-दोन नावं आहेत की कोण कुणाचा कोण याचा पत्ता लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर शिव्या नकोत. दोन्हींत चुंबन नाही. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सरळ कुणी म्हणतही नाही. ज्या कादंबऱ्यांवरून या मालिका घेतल्या, त्यांत प्रेम उघड आहे. ‘द अनटेम्ड’ची मूळ कादंबरी मो श्यांग थोंग श्यू यांची, ‘वर्ड ऑफ ऑनर’ची प्रीस्ट यांची, आणि ही दोन्ही टोपणनावं. पडद्यावर येताना सेन्सॉरच्या धाकाने त्या प्रेमाची ‘जिवलग मैत्री’ होते आणि उरलेलं काम नटांच्या नजरा करतात. हा लपंडाव ज्यांना चालणार नाही, त्यांनी सरळ थाई मालिकांकडे वळावं. तिथे आडपडदा नाही.

‘द अनटेम्ड’ म्हणजे ५० भाग, एकेक भाग साधारण पाऊण तासाचा. तंत्रविद्या आणि तलवारी यांत वाढलेली पाच मोठी घराणी आहेत. त्यातला वेइ वूश्यान (श्याओ झान) वात्रट, तोंडाळ, हुशार. लान वांगजी (वांग यीबो) अशा घराण्यातला, जिथे वागण्या-बोलण्याचे तीन हजारांवर नियम आहेत आणि ते याला सगळे पाठ. वूश्यान रात्री चोरून दारूचे बुधले घेऊन छपरावरून आत येतो, वांगजी त्याला रंगेहाथ पकडतो, तर हा पठ्ठ्या घाबरायचं सोडून वर लाच देऊ करतो: एक बुधला तू घे आणि मला पाहिलंच नाहीस असं समज. वांगजीचा चेहरा हलत नाही. तो चेहरा पुढे कुठे आणि किती हलतो, हे टिपण्यात अर्धी गंमत आहे.

पण ही मालिका मोठी होते ती दुसऱ्याच कारणाने. एका जुलमी घराण्याविरुद्ध युद्ध होतं, चांगली बाजू जिंकते, आणि मग हेच विजेते हरलेल्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना राबवून राबवून मारायला लागतात. वूश्यान त्यांच्या बाजूने उभा राहतो आणि बघता बघता सगळ्या जगाचा खलनायक ठरतो. धो धो पावसात तो त्या लोकांना घोड्यांवरून पळवून नेत असतो आणि वाटेत वांगजी छत्री धरून एकटा उभा असतो. अडवायचं की सोडायचं? तिथे दोघं बोलतात मोजकंच, पण प्रेमकथा म्हणाल तर ती त्या प्रसंगात पुरती येऊन जाते. म्हणून माझं मत याच मालिकेच्या बाजूने झुकतं: इथे प्रेम कथेच्या कडेला नाही, ‘कुणाच्या बाजूने उभं राहायचं’ या प्रश्नातच ते गुंतलेलं आहे.

दोष? भरपूर. पहिले दोन भाग म्हणजे निव्वळ गोंधळ. नायक सुरुवातीलाच मरतो, १६ वर्षांनी परत येतो, आणि आपल्याला कुणीच ओळखीचं नसतं. तिसऱ्या भागात गोष्ट मागे जाते आणि चांगली तिशी ओलांडेपर्यंत मागेच राहते. तेव्हा ते दोन भाग दातओठ खाऊन काढा, जमलं तर शेवटाकडे पोहोचल्यावर पुन्हा बघा, तेव्हा लखलखीत कळतात. ग्राफिक्सबद्दल मात्र काय बोलावं! गुहेतलं ते महाकाय कासव दिसलं की हसू आवरत नाही.

‘वर्ड ऑफ ऑनर’ ३६ भागांत आटोपते. इथे भुतंखेतं, मंत्रतंत्र जवळजवळ नाहीत. तलवारबाजी, विषं, गुप्त संघटना आणि झाडांच्या शेंड्यांवरून उडणारी माणसं एवढीच काय ती फँटसी. झोउ झशू (जांग जहान) हा राजपुत्राच्या पदरी असलेल्या मारेकऱ्यांचा प्रमुख. त्या नोकरीतून जिवंत सुटायचं तर अंगात सात खिळे ठोकून घ्यायचे, मग तीनेक वर्षं आयुष्य आणि एकेक करून जाणारी ज्ञानेंद्रियं. तो खिळे ठोकून घेतो, वेश पालटतो आणि भणंगासारखा ऊन खात बसतो. वरच्या मजल्यावरून वेन कशिंग (गोंग जुन) त्याला न्याहाळतो आणि नुसत्या खांद्याच्या हाडांवरून ताडतो, की या घाणेरड्या वेषाखाली देखणा माणूस आहे. पहिल्याच भागापासून तो हात धुऊन मागे लागतो. शेर काय म्हणतो, टोमणे काय मारतो, पंखा काय फिरवतो!

म्हणजे ‘द अनटेम्ड’मध्ये जे शोधावं लागतं, ते इथे ताटात वाढून येतं. दोघंही जाणती, हात रक्ताने माखलेली माणसं. त्यांच्यात पहिल्या प्रेमाचा संकोच नाही, उशिरा सापडलेल्या सोबतीची घाई आहे. शिवाय पदरी पडलेला एक पोरका शिष्य, त्यामुळे मधले काही भाग चक्क संसारासारखे वाटतात. आवाज वेगळ्या कलाकारांनी डब केलेत, आणि काही ठिकाणी ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. चिनी चाहत्यांनी ओठ वाचून मूळ संवाद शोधायचा उद्योग मनापासून केला. आणि गू श्यांग! वेन कशिंगची ही तोंडाळ दासी दोन्ही मालिकांतली माझी सगळ्यात आवडती बाई आहे.

कथानक मात्र इथे विस्कळीत. एका मौल्यवान वस्तूचे तुकडे सगळ्यांनाच हवेत आणि त्यापायी दाढीवाले म्हातारे सभा भरवत राहतात. त्या सभांत मी स्वयंपाकघरातली कामं उरकली, काही बिघडलं नाही.

तिसरं नाव कुणीतरी सुचवेलच: ‘गार्डियन’ (२०१८, ४० भाग), तीही प्रीस्ट यांच्याच कादंबरीवरून. भुतं चालणार नाहीत म्हणून त्यांना परग्रहवासी केलं आणि कथेची पार वाट लागली. झू यीलोंग आणि बाय यू या दोघांनी ती ओढून नेली आहे. आधीच्या दोन आवडल्या तरच हिच्या वाटेला जा.

तर ठरवायचं कसं? ३५-४० तास देता येत असतील, पाल्हाळ चालत असेल, राजकारण आणि घराण्यांची भांडणं आवडत असतील, तर ‘द अनटेम्ड’ आधी. केवळ जोडीसाठी बघणार असाल, किंवा दोन भागांत मन रमलं नाही की मालिका सोडून देत असाल, तर ‘वर्ड ऑफ ऑनर’. दुसऱ्या मालिकेनंतर पहिलीकडे आलात, तर वांगजीचा अबोला थोडा जड जाईल, एवढं लक्षात असू द्या.

नवं काही येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. २०२१च्या उत्तरार्धात चिनी सरकारने अशा कथांवर बडगा उगारला आणि चित्रीकरण झालेल्या मालिकाही पडून राहिल्या. त्याच ऑगस्टमध्ये जांग जहानचे तोक्योतल्या यासुकुनी मंदिराजवळचे जुने फोटो बाहेर आले. जपानी युद्धगुन्हेगारांचंही स्मरण जिथे होतं ते हे ठिकाण, त्यामुळे चीनमध्ये गदारोळ झाला आणि ‘वर्ड ऑफ ऑनर’ तिथून काढून टाकली गेली. चीनबाहेर ती टिकून राहिली. बघाल तेव्हा एक करा: ३६व्या भागाचा शेवट पाहून लगेच डोळे पुसत बसू नका. काही मिनिटांचा एक जादा तुकडा वेगळा काढलेला आहे, तो शोधून बघितल्याशिवाय या दोघांचं पुढे काय झालं ते नीट कळत नाही.