कात्री लागण्याआधीचे बोलपट : ‘फॉरबिडन हॉलिवूड’चा पहिला डीव्हीडी संच

वॉर्नरने २००६ मध्ये काढलेल्या या संचात १९३१ ते १९३३ या काळातील तीन अमेरिकी बोलपट आहेत. पडद्यावर काय दाखवावे आणि काय नाही हे ठरवणारी नीतिसंहिता हॉलिवूडने १९३० मध्येच स्वीकारली होती. पण तिची सक्त अंमलबजावणी हॉलिवूडच्याच परीक्षण विभागाचे प्रमुख जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने जुलै १९३४ पासून सुरू केली, आणि मधल्या काळात पडद्यावर जो मोकळेपणा नांदला तो पुढे कित्येक वर्षे दिसला नाही.

संचाचे खरे मोल ‘बेबी फेस’मध्ये आहे. बापानेच आपल्या गुत्त्यातील गिऱ्हाइकांपुढे ढकललेली लिली न्यूयॉर्कच्या बँकेत शिरते आणि एकेका पुरुषाचा वापर करत वर चढते. कॅमेराही इमारतीच्या बाहेरून तिच्याबरोबर मजले चढत जातो. बार्बरा स्टॅनविकने ही भूमिका कुठेही दयेची याचना न करता केली आहे. न्यूयॉर्क राज्याच्या परीक्षण मंडळाने १९३३ मध्ये हरकत घेतल्यावर स्टुडिओने काही दृश्ये तर कापलीच, शिवाय म्हाताऱ्या चांभाराचे संवादही बदलले. मूळ प्रतीत जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा दाखला देऊन ‘पुरुषांचा वापर करून घे’ असे सांगणारा हा माणूस बदललेल्या प्रतीत तिला सन्मार्गाचा उपदेश करतो. २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडलेली मूळ प्रत आणि प्रदर्शित झालेली प्रत, दोन्ही येथे आहेत. त्या लागोपाठ पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. लिलीचे वागणे दोन्हींत जवळपास तेच राहते, पण त्यामागचा तिचा विचार पुसला जातो, आणि परीक्षकांना नेमके काय सहन झाले नाही ते त्यातून कळते.

जेम्स व्हेल यांच्या ‘वॉटर्लू ब्रिज’मधील मे क्लार्कचा थकलेला, धास्तावलेला चेहरा मला १९४० च्या प्रसिद्ध आवृत्तीपेक्षा अधिक खरा वाटला. ज्या १९३२ साली आपल्याकडे ‘अयोध्येचा राजा’ आला, त्याच सालचा जीन हार्लोचा ‘रेड-हेडेड वुमन’ चुरचुरीत आहे, पण फार खोल जात नाही.

डीव्हीडी अमेरिकेच्या रीजनची, म्हणजे त्या भागासाठीच्या प्लेअरवरच चालणारी, असल्याने नागपुरात बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) प्लेअर घेताना तो सर्व रीजनच्या तबकड्या चालवतो याची खात्री करावी. ध्वनी जुना आणि क्षीण आहे. नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या घरघरीपुढे तो टिकत नाही, त्यामुळे हेडफोन लावावा किंवा संच हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. केवळ ‘बेबी फेस’च्या दोन प्रतींसाठीही तो घेण्याजोगा आहे.