बोट मुंबईहून गोव्याला न्यायची आहे: स्वतः, स्किपर की ट्रेलर?

समजा, तुम्ही ३२ फुटी शिडाची बोट घेतली आहे. ती मुंबईच्या बंदरात नांगरलेली आहे आणि तुम्हाला ती गोव्यात मांडवी नदीत हवी आहे. गेटवेपासून मांडवीच्या मुखावरच्या आग्वादपर्यंत समुद्रमार्गे साधारण २२० सागरी मैल होतात. ५ नॉटने, म्हणजे तासाला ५ सागरी मैल, सलग गेलात तर ४४ तास लागतात, दिवसा चालून रात्री नांगर टाकत गेलात तर पाच-सहा दिवस. वाटेत यॉटसाठी मरिना नाही. आसरा मिळतो तो मुरूड, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशा मच्छीमारांच्या बंदरांत आणि खाड्यांत.

दोन वर्षांपूर्वी मी याच पेचात होतो. तेव्हा चार पर्यायांची चौकशी केली: स्वतः, गावातला तांडेल, ट्रेलर आणि पैसे घेऊन बोट पोचवणारा स्किपर, म्हणजे कप्तान. त्यांतला एक निवडला.

मित्रांना घेऊन स्वतः

आपली बोट आपण नेण्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही. खर्चही सगळ्यात कमी, डिझेल आणि शिधा एवढाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सहसा साथ देते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला पाठीमागून ढकलतो. मुंबई-गोवा म्हणूनच सोपी बाजू. गोवा-मुंबई करायची असेल, तेही मार्च-एप्रिलमध्ये, तर दुपारी तोच वारा नाकावर येतो आणि लाटा बोटीला जागच्या जागी आपटतात.

अडचण वाऱ्याची नाही, सुट्टीची आहे. चार मित्र जमतात ते गुरुवार ते रविवार. सोमवारी प्रत्येकाला कामावर हजर व्हायचं असतं. मग शुक्रवारी हवा बिघडली तरी कोणी ‘थांबू या’ म्हणत नाही. जाणत्या माणसांनी केलेल्या चुकाही मी पाहिल्यात, आणि त्यांतल्या बहुतेक ठरलेल्या तारखेपायी झालेल्या होत्या.

दुसरी गोष्ट रात्रीची. कोकण किनाऱ्यावर मैलोन्मैल जाळी लावलेली असतात. बोये काळे, कधी त्यावर काठीला बांधलेलं फडकं, दिवा असेलच असं नाही. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन बंद, आणि काळोखात पाण्यात उतरून सुरीने दोर कापणं हे हौशी माणसाचं काम नव्हे. तुमच्यापैकी किमान दोघांनी रात्रीचा पहारा याआधी केला नसेल तर सलग प्रवास ठरवूच नका.

गावातला तांडेल

हा सल्ला तुम्हाला बंदरावर हमखास मिळेल. तांडेलाला, म्हणजे मच्छीमारी बोटीच्या म्होरक्याला, किनाऱ्यावरचा खडक न् खडक ठाऊक असतो आणि जाळी कुठे असतील हे तो वाऱ्यावरून सांगतो. त्या ज्ञानापुढे मी मान तुकवतो. पण त्याचा हात बसलेला असतो मच्छीमारी बोटीवर. खाडीच्या तोंडाशी पाणी पुरेल की नाही, याचा त्याचा अंदाज त्या बोटीच्या तळावरून ठरलेला. आपल्या बोटीची कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, पावणेदोन मीटर खाली गेलेली असते, हे ऐन वेळी ध्यानात राहत नाही. शिवाय विमा कंपनी त्याच्या नावाला मान्यता देईल का, हा प्रश्न उरतोच. मला विचाराल तर बोट एकट्या त्याच्या हाती देऊ नये, पण स्किपरच्या जोडीला तो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ट्रेलर

छोटी मोटरबोट असेल तर फार विचार करू नका, रस्त्यानेच न्या. शिडाच्या बोटीचं तसं नाही. डोलकाठी उतरवायची, दोन्ही टोकांना क्रेन, कीलमुळे वाढलेली उंची, वाटेतले घाट आणि पूल. वाहनाची कायदेशीर रुंदी २.६ मीटर आहे आणि ३२ फुटी बोट त्याहून रुंद असते, म्हणजे जादा मापाच्या मालाचा परवाना आला. एक मात्र खरं: पावसाळ्यात बोट हलवायचीच असेल तर हाच मार्ग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा बंद असते. त्या दिवसांत कोणी समुद्रमार्गे बोट पोचवायला तयार झाला, तर तेवढ्यावरूनच त्याला नकार द्या.

व्यावसायिक स्किपर

मी हा पर्याय निवडला, आणि स्वतः सोबत गेलो.

माणूस निवडताना प्रमाणपत्र पाहाच. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या ‘आरवायए यॉटमास्टर ऑफशोअर’ या परीक्षेला बसायलाच किमान २५०० मैल आणि समुद्रावरचे ५० दिवस लागतात. पैसे घेऊन काम करण्यासाठी त्यावर व्यावसायिक शिक्का वेगळा घ्यावा लागतो. पण त्याहीपेक्षा, शेवटच्या तीन बोटी त्याने कुठून कुठे नेल्या ते विचारा आणि त्या मालकांना फोन करा. मालकांना एकच प्रश्न विचारा: हा वाटेत कुठे थांबला होता का, आणि का? कधीच थांबला नाही असं उत्तर आलं तर मला काळजी वाटेल.

आमचा स्किपर निघायच्या आदल्या दिवशी आला आणि चार तास बोटीतून बाहेर पडला नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्रपाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे रबरी चक्र, काढून बोटांनी वाकवून पाहिला, तळाची प्रत्येक झडप उघडून मिटली, लाइफ जॅकेट्स फुगवून रात्रभर तशीच ठेवली. मग डिझेलचे चार जादा फिल्टर मागितले. मला दोन पुरेसे वाटत होते.

दुसऱ्या रात्री जयगडच्या दक्षिणेला लाटा वाढल्या आणि इंजिन धापा टाकायला लागलं. त्याने माझ्या हाती सुकाणू दिलं, पुढचं शीड थोडं उघडून बोट स्थिर केली आणि खाली गेला. टॉर्चच्या उजेडात फिल्टरखालची काचेची वाटी वर धरून मला दाखवली. तळाशी बोटभर काळा गाळ होता, चहाच्या चोथ्यासारखा. वर्षानुवर्षं नांगरून पडलेल्या बोटीच्या टाकीत तो साचतो आणि बोट हेलकावायला लागली की ढवळून निघतो. बंदरातल्या बंदरात इंजिन तासभर चालवून हे कधीच कळत नाही. पहाटेपर्यंत तीन फिल्टर गेले.

तिसऱ्या दिवशी विजयदुर्गात थांबलो. दुपारचा वारा अंदाजापेक्षा जोरात होता. त्याने आकाश पाहिलं, फोनवर हवामान पाहिलं आणि म्हणाला, “आज नाही.” मी वाद घातला नाही, कारण करारातच तशी सोय होती.

करारातला हाच मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. पैसे ठरवायच्या दोन पद्धती आहेत: एकरकमी किंवा दिवसाच्या दराने, डिझेल, जेवण आणि परतीचं तिकीट वेगळं. एकरकमी सुटसुटीत वाटते. पण त्यात हवेसाठी थांबलेला प्रत्येक दिवस स्किपरच्या खिशातून जातो, म्हणजे जी घाई टाळायला त्याला बोलावलं तीच आपण त्याच्या मागे लावतो. मी दिवसाचा दर ठरवला, थांबलेल्या दिवसाला अर्धा. खर्च थोडा वाढला आणि मला त्याची खंत नाही. बिघाड झाल्यास सुटे भाग कोणाचे, वाटेतच प्रवास सोडावा लागला तर हिशेब कसा, हेही लिहून घ्या.

विमा कंपनीला स्किपरचं नाव, अनुभव आणि मार्ग आधी कळवा व लेखी होकार घ्या. पॉलिसीतली हद्द आणि महिने वाचा. २६/११ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे, तेव्हा बोटीची नोंदणी, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी हवीत आणि बंदर कार्यालयाला निघण्याची खबर दिलेली हवी. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचं चॅनल ऐकत राहायचं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरच्यांकडेही द्या.

बोट पूर्णपणे सोपवून घरी बसायचं की सोबत जायचं? सुट्टी मिळत नसेल तर बिनदिक्कत सोपवा. मिळत असेल तर जा, पण प्रवासी म्हणून नव्हे, खलाशी म्हणून. पहारा वाटून घ्या, जेवण करा आणि तो झोपला असताना काही बदललं तर त्याला उठवा. निर्णय मात्र त्याचाच. एका बोटीवर दोन कप्तान चालत नाहीत.

आग्वादपाशी आम्ही उजाडायची आणि भरतीची वाट पाहिली, मगच मांडवीत शिरलो. नांगर पडल्यावर स्किपरने वहीचं एक पान फाडून दिलं: वाटेत दिसलेल्या ११ दोषांची यादी, किती तातडीचा आहे त्या क्रमाने. करारात ती मागून घ्या. माझ्या यादीत पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘टाकी उघडून आतून साफ करणे’.