इलेक्ट्रिक व्हॅनमधला मुक्काम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इलेक्ट्रिक व्हॅनचे कॅम्परमध्ये रूपांतर करून घेतल्यापासून मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ हा आहे. प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. कॅम्पर जितका वेळ रस्त्यावर धावतो त्याच्या कितीतरी पट वेळ उभा असतो आणि त्या उभ्या वेळातच माणसे त्यात झोपतात, स्वयंपाक करतात, पाऊस थांबायची वाट पाहत बसतात. उन्हाळ्यापासून ऐन थंडीपर्यंत वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, मुक्कामाचे ठिकाण म्हणून इलेक्ट्रिक व्हॅन डिझेल व्हॅनपेक्षा सरस आहे; प्रवासाचे साधन म्हणून मात्र ती चालवणाऱ्याला बऱ्याच अटी घालते, आणि त्या अटी मान्य होतात की नाही यावरच सगळे अवलंबून आहे.

माझी व्हॅन मध्यम आकाराची आहे. वापरण्याजोगी बॅटरी सुमारे ७५ युनिटची (युनिट म्हणजे अर्थातच किलोवॅट-तास), वर उचलता येणारे छप्पर, मागे घडीचा पलंग, एका शेगडीचा इंडक्शन आणि १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज, एवढाच सरंजाम. हा आकार सध्या मधला म्हणता येईल. काही वर्षांपूर्वी हौशी मंडळी ज्या निस्सान ई-एनव्ही२०० मध्ये पलंग बसवत होती तिची नंतरची बॅटरीही ४० युनिटचीच होती. २०२२ साली आलेल्या फोक्सवॅगन आयडी बझची ७७ युनिटची होती, आणि मर्सिडीजच्या ई-स्प्रिंटरमध्ये ११३ युनिटपर्यंतची मिळते.

आधी रस्त्याबद्दल. ताशी ८० ते ९० किलोमीटरच्या वेगाने, बऱ्या हवामानात, सामान भरलेल्या स्थितीत माझी व्हॅन शंभर किलोमीटरला साधारण २४ युनिट घेते. तीच ताशी ११० ने दामटली तर हा आकडा ३० च्या आसपास जातो, आणि कडाक्याच्या थंडीत, हीटर सुरू ठेवून, ३४ पर्यंतही गेलेला आहे. व्हॅनचा समोरचा भाग रुंद आणि उभट असतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ९० वरून ११० वर जाताना तो जवळजवळ दीडपट होतो. डिझेल व्हॅनलाही हा नियम चुकलेला नाही, पण तिच्या ७० लिटरच्या टाकीत सुमारे ७०० युनिट ऊर्जा असते, त्यामुळे त्यातली बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया गेली तरी चालकाला त्याची झळ लागत नाही. माझ्याकडे त्याच्या एक दशांश पुंजी आहे. त्यातही जलद चार्जिंग ८० टक्क्यांच्या पुढे रेंगाळते आणि दहा टक्क्यांच्या खाली जाण्याचे धाडस अनोळखी भागात कोणी करत नाही, म्हणजे लांबच्या प्रवासात दोन चार्जिंगच्या मध्ये हाताशी उरतात ती ५२ युनिट. शांतपणे चालवले तर यात सव्वादोनशेच्या थोडे अलीकडे, वेगाने चालवले तर पावणेदोनशे आणि थंडीत दीडशेच्या जरा पुढे, एवढेच किलोमीटर होतात. माहितीपत्रकातला पल्ला फारसा भार नसलेल्या गाडीचा आणि प्रमाणित चाचणीचा असतो. छपरावर कनात आणि मागे सायकली लावलेल्या गाडीने त्याच्याकडे पाहूच नये.

मुक्कामाचा हिशेब मात्र इतका किरकोळ निघतो की पहिल्यांदा मांडल्यावर तो पुन्हा तपासून पाहावासा वाटतो. एक लिटर थंड पाणी उकळायला भांड्यातली गळती धरूनही एक युनिटचा जेमतेम नववा हिस्सा लागतो. दोन माणसांचा दिवसभराचा साधा स्वयंपाक एका युनिटमध्ये होतो, फ्रिज अर्धे युनिट घेतो, आणि दिवे, पाण्याचा पंप, फोन व लॅपटॉप मिळून पाव-अर्धे. म्हणजे साधारण दोन युनिटमध्ये घर चालते, आणि तेवढ्या विजेत गाडी रस्त्यावर आठेक किलोमीटर जाते. दुसऱ्या शब्दांत, चार दिवस एका जागी राहून खाल्ल्या-प्याल्याचा खर्च तीस-पस्तीस किलोमीटरच्या फेरीएवढा. शिवाय गॅसची टाकी नको, तिच्या जोडणीची तपासणी नको आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडची धास्ती नको. एक फायदा मला आधी जाणवला नव्हता. प्रोपेन जळताना दर किलोमागे सुमारे दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते आणि उघड्या शेगडीवर ती सगळी गाडीतच राहते. इंडक्शनवर भांड्यातली वाफ तेवढी बाहेर पडते. झाकण ठेवले आणि छपराची झडप उघडी ठेवली तर सकाळी काचांवरून ओघळ येत नाहीत.

इतके असूनही या हिशेबात एक छुपा भागीदार आहे, आणि त्याच्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत. गाडी कुलूपबंद करून ‘झोपली’ की मोठ्या बॅटरीचा संबंध आतल्या विद्युत-स्विचने (कॉन्टॅक्टरने) तोडला जातो. त्यानंतर १२ व्होल्टची छोटी बॅटरी तेवढी उरते, जी रात्रभर फ्रिज चालवू शकत नाही. मोठी बॅटरी जागी ठेवण्यासाठी माझ्या गाडीत ‘मुक्काम मोड’ आहे. तो चालू केला की आसनांच्या खालून टक् असा आवाज येतो, डॅशबोर्डचा पडदा उजळतो आणि उजळलेलाच राहतो. त्यावर मी काळ्या कापडाचा तुकडा चिकटपट्टीने लावतो. पण खरा प्रश्न उजेडाचा नाही. एका रात्री सर्व उपकरणे बंद ठेवून मी हा मोड तेवढा चालू ठेवला आणि झोपताना व उठल्यावर आकडा पाहिला : तीन टक्के गेले होते. म्हणजे सव्वादोन युनिट केवळ गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जागी ठेवण्यात खर्च झाली, आणि तेवढ्यात आमचा एक दिवसाचा संसार झाला असता.

याच कारणाने बहुतेक रूपांतरकार व्हॅनमध्ये स्वतंत्र लिथियम बॅटरी बसवतात. माझ्याकडेही ती आहे, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे सव्वा युनिटची. पायाखाली ७५ युनिट असताना वर आणखी सव्वा युनिट वाहून न्यायचे, त्यासाठी चार्जर, फ्यूज, इन्व्हर्टर आणि तारांचे जाळे उभे करायचे, हे तळ्याकाठी हंडा भरून ठेवण्यासारखे आहे; पण तळ्याला कुलूप असेल तर इलाज नाही. ज्या गाड्यांमध्ये मोठ्या बॅटरीतून थेट २३० व्होल्टचा पुरवठा बाहेर घेता येतो त्यांच्यात हा खटाटोप बराच कमी होतो. फोर्डच्या ई-ट्रान्झिटमध्ये २.३ किलोवॅटपर्यंतच्या अशा पुरवठ्याचा पर्याय आहे. कॅम्पर बनवण्याच्या दृष्टीने ही सोय मी आणखी पन्नास किलोमीटर पल्ल्यापेक्षा मोलाची मानतो, आणि गाडी निवडताना ती कुलूप लावल्यावरही चालू राहते का, हे प्रत्यक्ष करून पाहावे असे सुचवतो.

छपरावर २०० वॅटचे सौर पॅनेल आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते पाऊण ते एक युनिट देते. फ्रिज आणि दिवे त्यावर निघतात, म्हणून ते उपयोगी आहे. गाडी उन्हावर चालेल अशी कल्पना करणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे की, एक युनिट म्हणजे चार किलोमीटर.

थंडी हे प्रकरण वेगळे आहे. बाहेर पारा शून्याजवळ असताना आतली हवा झोपण्याजोगी उबदार ठेवायला, भिंतींत उष्णतारोधक थर असूनही, साध्या विजेच्या हीटरला सरासरी एक किलोवॅट लागतो. नऊ तासांच्या रात्रीचे नऊ युनिट, म्हणजे मुक्काम मोडचा खर्च धरून पंधरा टक्के बॅटरी. हीट पंप असेल तर हा खर्च बराच खाली येतो, कारण तो उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरून आत आणतो. पण जितकी थंडी वाढते तितका त्याचा लाभ घटतो, आणि त्याचा पंखा रात्री ऐकू येतो. कापडी भिंतींचे छप्पर उचलून वर झोपायचे असेल तर कोणताही हीटर हरतो. आम्ही शेवटी हवा तापवण्याचा हट्ट सोडला. अंथरुणाखालची विजेची चादर रात्रभरात अर्ध्या युनिटच्या आसपास घेते, आणि उठण्याआधी वीस मिनिटे हीटर लावला की कपडे बदलण्यापुरती ऊब येते. इंजिनचा आवाज नाही, धूर नाही, शेजाऱ्याच्या तंबूला त्रास नाही. पहाटे ॲपवरून हीटर सुरू करता येणे ही चैन डिझेल गाडीत जोडहीटर बसवल्याशिवाय मिळत नाही.

आता मुक्कामाच्या जागेचा मुद्दा. कॅम्पिंगच्या जागी बहुधा निळे, तीन पिनांचे सॉकेट असते आणि त्यावर ६, १० किंवा १६ अँपिअरची मर्यादा असते. दहा अँपिअरवर बारा तासांत २७ युनिट भरतात. म्हणजे रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर हिंडणाऱ्याला जलद चार्जरची गरजच पडत नाही. सहा अँपिअरवर मात्र हीटर आणि चार्जिंग एकत्र लावले की खटका पडतो. वाहनातून चार्जिंगचा प्रवाह कमी करता येतो, तो आधीच कमी करून ठेवावा. काही ठिकाणी गाडी चार्ज करण्याला स्पष्ट मनाई असते, किंवा त्याचे वेगळे शुल्क असते, आणि ते योग्यही आहे; जुन्या तारांवर रात्रभर पूर्ण भार देणे धोक्याचे असते. आरक्षण करतानाच विचारून घेतलेले बरे. वीज नसलेल्या जागी दोन-तीन रात्री काढण्यात काहीच अडचण येत नाही, फक्त तिथे पोचताना बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली असली पाहिजे आणि परतीच्या वाटेवरचा चार्जर ठाऊक असला पाहिजे.

जलद चार्जरबद्दलची माझी तक्रार वेगाची नाही. दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पाऊण तास लागतो, आणि ज्या गाडीत चहा करता येतो, पलंगावर पाठ टेकता येते, तिच्यात पाऊण तास कंटाळवाणा होत नाही. तक्रार आहे ती जागेच्या आखणीची. बहुतेक चार्जर लहान मोटारींसाठी आखलेले असतात : समोर कठडा, दोन्ही बाजूंना रंगवलेल्या रेषा, आणि केबल जेमतेम पोचेल एवढी. व्हॅन लांब असते, त्यामुळे तिचे शेपूट रस्त्यावर येते. मागे सायकलींचा स्टँड असेल तर उलटी लावता येत नाही. बहुमजली पार्किंगमधल्या चार्जरपर्यंत उंच छपराची गाडी जाऊच शकत नाही. गाडी घेताना चार्जिंगचा दरवाजा कुठे आहे ते पाहा, असे मी सर्वांना सांगतो. नाकाजवळ असेल तर उत्तम. मागच्या चाकाजवळ असेल तर रोजचा मनस्ताप.

वजनाकडे बहुतेक जण सर्वांत शेवटी पाहतात, आणि तिथेच बरेच बेत फसतात. एवढ्या बॅटरीचे वजन पाचशे किलोच्या घरात असते. माझ्या व्हॅनची वहनक्षमता रिकामी असताना कागदावर आठशे किलो होती. फर्निचर, छप्पर, पलंग आणि विजेची मांडणी यांत साडेतीनशे गेले. दोन माणसे, पाणी, सायकली, कपडे, कनात यांनंतर हाती शंभर-दीडशे किलो उरतात. चार जणांचे कुटुंब यात नियमात बसवणे जवळजवळ अशक्य आहे. युरोपातल्या देशांत मोटारीच्या नेहमीच्या परवान्याची सर्वसाधारण मर्यादा ३,५०० किलोची असल्याने (काही देशांत इलेक्ट्रिक व्हॅनना त्यात सवलत आहे) मोठ्या इलेक्ट्रिक व्हॅन त्या आकड्याला लवकर भिडतात. शिवाय बॅटरी तळाशी असल्यामुळे पाण्याची टाकी खाली टांगता येत नाही, ती आत येते आणि सामानाची जागा खाते. त्याच बॅटरीमुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणांवर, आडव्या वाऱ्यात गाडी डुलत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

डोंगराळ भागाची भीती घालणाऱ्यांना एक गणित सांगतो. तीन टनांची गाडी एक हजार मीटर चढवायला, सपाट रस्त्यावरच्या खर्चाखेरीज, सव्वाआठ युनिट लागतात. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि त्यातला अर्ध्याहून बराच अधिक भाग परत मिळतो. ब्रेक तापण्याचा प्रश्नही उरत नाही. फक्त वरच्या मुक्कामी बॅटरी शंभर टक्के भरून घेऊन उतरायला लागू नये, कारण भरलेल्या बॅटरीत परतावा घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

रोज सहाशे किलोमीटर कापून दूरचा किनारा गाठण्याची ज्यांची रीत आहे त्यांना ही गाडी मी सुचवणार नाही. दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर जाऊन दोन-तीन रात्री एका जागी काढणाऱ्यांनी जरूर विचार करावा. बॅटरीच्या आयुष्याची चिंता मला फारशी वाटत नाही. बहुतेक उत्पादक आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात, आणि कॅम्पर तेवढा क्वचितच धावतो. दोन सहलींच्या मध्ये गाडी कित्येक आठवडे उभी राहते तेव्हा मी मोठी बॅटरी निम्मी भरलेली ठेवतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला छोटा देखभाल-चार्जर लावतो, कारण दगा देते ती हीच. पुढची व्हॅन घेईन तेव्हा याहून मोठी बॅटरी मागणार नाही, तिचे वजन मला परवडणारे नाही. बाहेर वीज देणारे सॉकेट, नाकाजवळचा चार्जिंग-दरवाजा आणि डॅशबोर्ड विझवण्याचे एक बटण मात्र नक्की मागेन.