फॉरेनच्या पाहुण्यांसाठी कार्यालयाचं 'स्पेशल पॅकेज' घेतलं, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार देतेय, आणि त्यातले दोन नऊवारी नेसवणाऱ्या मावशींचे आणि फेटेवाल्या काकांचे आहेत हे आधीच सांगते, कारण ते दोघंही पॅकेजमधले नव्हते.

माझा दादा स्टुटगार्टला असतो. फेब्रुवारीत पुण्यात त्याचं लग्न झालं, त्याला ऑफिसातले चौघं आणि त्याची तिथली घरमालकीण आजी अशी पाच जर्मन मंडळी आली. कार्यालय कर्वे रोडच्या बाजूचं, नाव लिहीत नाही, बाबांची तिथे ओळख आहे आणि मला घरात राहायचंय. बुकिंगला गेलो तर मॅनेजर म्हणाले, "ताई, फॉरेनर येणारेत ना, मग आमचं स्पेशल पॅकेज घ्या, माणशी फक्त 2500." त्यात काय काय तर दारात तुतारी आणि औक्षण, भाड्याने नऊवारी नाहीतर रेडिमेड फेटा, पुढच्या रांगेत वेगळा सोफा, कमी तिखट जेवण एसी रूममध्ये, आणि बाटलीचं पाणी. आम्हाला वाटलं बरंय, त्या दिवशी त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ असणारे, घेतलं.

तुतारीने सुरुवात झाली. तुतारीवाला दारातच उभा, त्याने ती बरोब्बर आजींच्या कानाशी फुंकली आणि त्यांचं कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं ते औक्षण संपेपर्यंत थांबलं नाही. तरी त्या हसत होत्या. म्हणाल्या आमच्याकडे लग्नाच्या आधी घरासमोर चिनी मातीची भांडी फोडतात, आवाजाची सवय आहे.

आता नऊवारी. पॅकेजमध्ये मिळते ती शिवलेली, म्हणजे पायजम्यासारखी पाय घालून चढवायची. दादाच्या टीममधली एक मुलगी चांगली सहा फूट उंच आहे, तिला ती साडी पोटरीपर्यंतच आली, आरशात बघून तीच म्हणाली की मी शेतात निघालेय का. मॅनेजरला विचारलं मोठी साइज आहे का तर म्हणे "ताई, फ्री साइज असते." फ्री साइज! आजींनी हे बघितलं आणि त्यांनी ती अंगाला लावलीच नाही. शेवटी आत्याने वधूपक्षाच्या खोलीतून नेसवणाऱ्या मावशींना ओढून आणलं, आईच्या कपाटातल्या दोन साध्या नऊवाऱ्या होत्याच बॅगेत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ते कुठल्याही मापाच्या बाईला पुरतं, यासाठी पॅकेज लागत नाही. मावशींनी दहा मिनिटात काष्टा घालून दिला, एक सेफ्टी पिन नाही, पुढून ओचा काढला आणि तिला म्हणाल्या "आता चाल, पळ, उडी मार." ती खरंच उडी मारून दाखवायला लागली, नशीब जागा होती. एका साडीचे 300 रुपये घेतले. फेट्याचं पण तसंच, रेडिमेड फेटा टोपीसारखा डोक्यावर नुसता ठेवायचा, तो त्या पोरांच्या डोक्यावर बसेना. मग करवल्यांना फेटे बांधायला आलेल्या काकांनी चालू कामातून वेळ काढून डोक्यावर बांधून दिले, तोंडात एक टोक धरून, बोलता बोलता. तिघांपैकी एकाने तो रात्री हॉटेलवर जाईपर्यंत सोडला नाही.

मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटांचा. पत्रिकेत ते वाचून यांना आधी टायपो वाटलेला, मग इतके खूश झाले की मिनिटावर चालणारा देश शेवटी सापडला, आणि साडेअकराला पाचही जण सोफ्यावर हजर. नवरी मेकअपमध्येच. गौरीहर आटपून मामा तिला घेऊन आले तेव्हा माझ्या फोनमध्ये 11:57 झालेले, पण गुरुजींनी स्वतःच्या घड्याळात बघून सांगितलं बेचाळीसच झालेत, विषय संपला. अंतरपाट धरला तेव्हा यांनी मला विचारलं, दोन वर्षं एकमेकांना ओळखतात ना हे, मग मध्ये पडदा कशाला? मी काहीतरी लांबलचक सांगायला घेतलं तर आत्याने मध्येच एका शब्दात आटपलं, "पद्धत." त्यांना ते पटलं पण.

त्या सोफ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. पुढची रांग म्हणजे मान, बरोबर, पण मंगलाष्टकात प्रत्येक 'सावधान'ला मागच्या चारशे लोकांच्या अक्षता कुठे पडतात? पुढच्या रांगेवर! नवरा-नवरीपर्यंत पोचतच नाहीत. आणि आमच्याकडे मंगलाष्टकं आठ कधीच नसतात, दोन्हीकडच्या काकवांनी स्वतः लिहून आणलेली धरून अकरा झाली, सूर विचारू नका. वर यांच्या हातात अक्षता कोणी दिल्याच नाहीत, वाटणाऱ्या पोरांना वाटलं हे व्हीआयपी आहेत. आजींनी मग स्वतःच्या मांडीवर साठलेल्या गोळा केल्या आणि त्याच टाकल्या, त्यांच्याकडेही चर्चबाहेर जोडप्यावर तांदूळ टाकतात म्हणे, नेम चांगला होता. कानपिळीला मेव्हण्याने दादाचा कान पिळला तेव्हा त्याचा बॉस उठून फोटो काढायला स्टेजवर गेला तो खाली येईचना, हा फोटो ऑफिसात लावणार म्हणाला.

जेवणाला माझा एक स्टार कापला गेला. एसी रूममध्ये काय तर उकडलेल्या भाज्या, पांढरा पास्ता आणि ब्रेड-बटर. म्हणजे बिचारे एवढा विमानप्रवास करून आले आणि त्यांना ब्रेड-बटर? काचेतून बाहेरची पंगत दिसत होती, केळीची पानं, वाढपी धावतायत, पाच मिनिटं त्यांनी बघितलं आणि मग तो फेटेवाला मुलगा मला म्हणाला, आम्हाला तिकडे नाही का बसता येणार? बसवलं दुसऱ्या पंगतीला. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, जिलबी. अळू आवडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आजींनी तीनदा घेतलं. मठ्ठ्याला मिरची लागली तरी पीत राहिले. मी एक चूक केली, त्यांना 'नको' शिकवलं, आणि आपल्याकडे हसून 'नको' म्हटलं की वाढपी दोन जिलब्या जास्त वाढतो. पानावर आडवा हात धरायचा हे सांगेपर्यंत बॉसच्या पानात सात जिलब्या झालेल्या.

मॅनेजरला नंतर सांगितलं की तुमची एसी रूम रिकामीच राहिली, तर म्हणे जेवण बनवलेलं होतं ना. माणूस वाईट नाही, हॉल स्वच्छ होता, पाणी-लाइट-पार्किंग सगळं वेळेवर, म्हणून तिसरा स्टार. पण पॅकेजचं म्हणाल तर घेऊ नका. तेवढ्या पैशात मावशी आणि काका बुक करा, आणि सोबतीला घरातलं एखादं कॉलेजातलं बोलकं पोरगं बसवा, प्रत्येक विधीला 'हे काय' विचारतात ते आणि सोफा काही उत्तर देत नाही.

बिल 12,500 झालं ते दिलं. नऊवाऱ्यांच्या डिपॉझिटचे 2000 मात्र अजून परत आलेले नाहीत, साडीला जिलबीचा पाक लागलाय असं म्हणतायत. त्या दोन्ही साड्या अकरा वाजायच्या आधीच घडी घालून त्यांच्या काउंटरवर ठेवल्या होत्या.