घर दाखवण्याची सेवा: न येणाऱ्या पार्ट्यांवर कितपत उपाय? पाचपैकी साडेतीन तारे

ज्यांचं घर रिकामं आहे आणि किल्ली एजंटकडे टाकलेली आहे, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. राहत्या घरात लोकांना घर दाखवायचं ज्यांच्या नशिबी आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्याकडे वडील वॉकर घेऊन चालतात आणि दुपारी झोपतात. कुणी बघायला येणार म्हटलं की त्यांना उठवायचं, औषधांचं टेबल आवरायचं, वाळत घातलेले कपडे उचलायचे, बाथरूम पुसून कोरडं करायचं. एवढं करून घर विकत घेऊ पाहणारी पार्टी येत नाही. फोन उचलत नाही. रात्री मेसेज येतो, 'सॉरी, अर्जंट काम निघालं. उद्या जमेल का?' वडील विचारतात, "मग आता झोपू का?"

आधी मीच जाहिरात टाकून घर दाखवत होते. या प्रकाराला विटले आणि एका एजन्सीला काम दिलं. व्यवहार अजून चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. जाहिरातीवरचे फोन ते घेतात, वेळा ठरवतात, त्यांचा माणूस हजर राहून घर दाखवतो आणि बघणारे काय म्हणाले ते आपल्याला कळवतो. वेगळे पैसे नाहीत, सगळं कमिशनमध्येच.

सगळ्यात आवडला तो त्यांचा पहिला फोन. मी वेळ द्यायला इतकी उतावीळ असायचे की समोरच्याने 'घर बघायचंय' म्हटलं की 'कधी येताय?' हाच माझा पुढचा प्रश्न. यांची मुलगी आधी चौकशी करते. निर्णय कोण घेणार, ती व्यक्ती सोबत येणार का, कर्जाची मंजुरी घेतली आहे का, आधी स्वतःचं घर विकायचं आहे का, राहायला कधी जायचं आहे. विचारते अगदी गोड आवाजात, पण उत्तर मिळेपर्यंत वेळ देत नाही. आपल्या घराला किती भाव येईल याचा अंदाज घ्यायला फोन करणारे शेजारीपाजारी इथेच गळतात.

नंतर घराचा व्हिडिओ आणि खोल्यांची मापं पाठवतात. त्यात जिना दाखवतात, पार्किंगमधून गाडी वळवायला किती जागा आहे तेही दाखवतात. मला हे आधी पटलं नव्हतं. घराची उणी बाजू आपणच कशाला दाखवायची? पण एजंटचं म्हणणं असं की न येणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर येऊन गेलेले असतात. कोपऱ्यापर्यंत येतात, बाहेरून इमारत बघतात, मन उतरतं आणि गाडी तशीच पुढे नेतात. आम्हाला वाटतं, विसरले. म्हणून आता ते पार्टीला सांगतात की आधी सवडीने बाहेरून चक्कर मारा, परिसर बघा, मग वेळ घ्या. नकार यायचा तो त्यांच्या घरूनच आलेला बरा, आमचं बाथरूम कोरडं झाल्यावर नको.

आदल्या संध्याकाळी मेसेज जातो, 'येताय ना? होय किंवा नाही कळवा. सकाळपर्यंत उत्तर नसेल तर भेट रद्द.' अशा मेसेजने काय होणार, असं मलाही वाटायचं. पण वेळ घेऊन न येणारी माणसं दवाखान्यांच्या चांगलीच परिचयाची आहेत आणि त्यांनी हे मोजून पाहिलंय. २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) असं दिसलं की मोबाइलवर आठवण केली की येणाऱ्यांचं प्रमाण वाढतं आणि साध्या मेसेजचा परिणाम फोन करण्याइतकाच असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेला लंडनच्या रुग्णालयांमधला एक प्रयोग त्याहून मजेदार आहे. तिथे आठवणीच्या मेसेजमध्ये फक्त एवढीच भर घातली, की तुम्ही आला नाहीत तर सरकारी आरोग्यसेवेला अमुक इतका खर्च पडतो. न येणारे ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. हे मी एजंटला सांगितलं. तो हसला, पण मेसेजमध्ये एक ओळ घातली, 'या वेळेसाठी घरातले ज्येष्ठ नागरिक बाहेर जाऊन थांबणार आहेत.'

त्याने सगळे यायला लागले असं मुळीच नाही. फरक एवढाच की 'नाही जमणार' हे आता आदल्या रात्री कळतं. माझ्यासाठी या सेवेची किंमत तिथेच वसूल झाली. न येणाऱ्याचा मला राग नाही. दुसरं घर आवडलं असेल, नवरा-बायकोचं जमलं नसेल, नाही म्हणायला संकोच वाटला असेल. पण तो संकोच आमच्या दुपारी खातो.

भेटीही सुट्या सुट्या देत नाहीत. आठवड्यातले दोन ठरावीक वेळपट्टे, त्यात पाठोपाठ तीन-चार पार्ट्या. एक नाही आली तरी घर आवरलेलं वाया जात नाही. दोन पार्ट्या दारात एकमेकींना भेटल्या की दोघींचेही चेहरे जरा गंभीर होतात, तेही एजंटला हवंच असतं. वेळ चुकवलेल्याला पुन्हा संधी मिळते, पण याच पट्ट्यात, वेगळी वेळ नाही. आणि दुसऱ्यांदा चुकवली की त्याचं नाव यादीतून जातं.

आता तारे का कापले ते.

'सकाळपर्यंत उत्तर नाही तर भेट रद्द' हा नियम ते डोळे झाकून चालवतात. एक बाई रात्रपाळीला होत्या, मेसेज बघायला दुपार झाली, तोवर भेट रद्द. मंजुरीपत्र तयार असलेली पार्टी! मी भांडून वेळ परत मिळवली. कामाच्या वेळा आधीच विचारून ठेवायला काय जातं? एवढी चौकशी करता, त्यात आणखी एक प्रश्न.

दुसरं, त्यांचा माणूस स्वतः उशिरा येतो. एकदा पार्टी वेळेवर आली, आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, आणि घर दाखवणारा 'दहा मिनिटांत पोचतो' म्हणत होता. ती दहा मिनिटं किती लांबतात, हे घर विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटी मीच दार उघडलं. मालकासमोर लोक कपाटं उघडत नाहीत, ओल आहे का विचारत नाहीत, 'छान आहे' म्हणून निघून जातात. तशीच ती पार्टीही गेली. मी मग त्याला सांगितलं की निघालास की व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवायचं, एका तासाचं. कुरकुरला, पण पाठवतो.

तिसरं, भेटीनंतरचा अहवाल. 'पार्टी विचार करून कळवते' हे वाक्य बहुतेक त्यांच्याकडे साच्यात घालून ठेवलेलं आहे. काय खटकलं, भाव की स्वयंपाकघर, हे दोनदा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तुम्ही अशी सेवा घेणार असाल तर कामाच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: रद्द झालेली भेट तुम्हाला किती वाजेपर्यंत कळवणार, घर दाखवणारा किती आधी हजर असणार, आणि किल्ली कोणाकोणाकडे जाणार. आमच्या दाराबाहेर त्यांनी आकड्यांच्या कुलपाची किल्लीपेटी लावली होती. तिचा आकडा एजन्सीतला माणूस बदलला तरी तोच राहिला. हे मला नव्या माणसाने सहज बोलता बोलता सांगितलं. त्याच दिवशी पेटी काढायला लावली. अर्धा तारा त्याचा.